वजन सांगा, मग बसा

भारतात खासगी वैमानिकाचा परवाना काढायचा तर वयाची सतरा वर्षं पूर्ण लागतात. डॉक्टरकडून डोळे, कान, छाती तपासून घ्यावी लागते. हवामान, दिशाशोधन, हवाई नियम यांचे पेपर द्यावे लागतात, रेडिओवर बोलायचा परवाना निराळा काढावा लागतो आणि किमान ४० तास प्रत्यक्ष उडावं लागतं. एवढं झालं की सरकार म्हणतं, जा बाबा, आता माणसं बसवलीस तरी हरकत नाही, फक्त त्यांच्याकडून भाडं घेऊ नकोस. आता फुकटात का होईना, पण नवशिक्याच्या हाती जीव सोपवणारी माणसं जगात एकाच ठिकाणी मिळतात, ती म्हणजे स्वतःच्या घरी. आणि घरच्या माणसांना विमानात कसं बसवावं, याचा पेपर सरकारनं ठेवलेलाच नाही.

मोठमोठ्या वैमानिकांनी हा विषय शहाणपणानं ऑप्शनला टाकलेला दिसतो. जेआरडी टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी परवाना मिळाला, भारतात दिला गेलेला पहिला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला छोटं पुस मॉथ विमान घेऊन उतरले, तेव्हा सोबत काय होतं? टपाल. सुमारे २५ किलो. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आले म्हणतात, पण तेवढ्या वेळात एकाही पत्रानं "अजून किती लांब?" असं विचारलं नाही. आमच्या शेजारच्या बोरिवलीची आरोही पंडित २०१९ साली इवलंसं विमान घेऊन अटलांटिक ओलांडून गेली, तीही एकटी. लोक तिच्या धाडसाचं कौतुक करतात. मला तिच्या नियोजनाचं वाटतं. तेवढ्या लांबच्या प्रवासात शेजारी मावशी नाही की मामा नाही!

राइट बंधूंच्या वडिलांची तर अटच होती, दोघांनी एका वेळी एका विमानात बसायचं नाही. ती २५ मे १९१० रोजी एकदाच सैल झाली. त्याच दिवशी ऑरव्हिलनं ऐंशी ओलांडलेल्या वडिलांनाही वर नेलं, आणि म्हातारबुवा मुलाच्या कानाशी वाकून आणखी वर ने, आणखी वर ने असं सांगत राहिले म्हणे. असा बाप आमच्या पट्ट्यात मिळायचा नाही. आमच्याकडे मुलगा सायकल काढो की विमान, उंबऱ्यावरून निरोप एकच: "हळू जा, आणि उगाच फार वर जाऊ नकोस."

विमानाला नेमक्या या दोनच गोष्टी घातक. वेग आहे तोवर पंख विमान पेलतात. चार आसनी सेसना १७२ ताशी साधारण नव्वद किलोमीटरच्या खाली गेलं की ते पेलणं सोडू लागतात. आणि उंची म्हणजे हातातला वेळ. इंजिन बंद पडलंच तर जितके वर, तितकं दूरचं शेत निवडता येतं. थोडक्यात, आईवडिलांचं ऐकलं तर विमान पडेल असा हा एकमेव छंद आहे, आणि तो आमच्या पुतण्यानं नेमका शोधून काढला.

आम्ही मूळचे घोडबंदरचे. एका अंगाला खाडी, एका अंगाला डोंगर, टेकावर किल्ला. त्या बंदरात एके काळी अरबी घोडे उतरायचे, किल्ला पोर्तुगीजांचा होता, आणि १७३७ साली चिमाजीअप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांनी घेतला. घोडे जाऊन आता ट्रेलर आले आहेत. फाउंटनच्या नाक्यापासून गायमुखाच्या चढापर्यंत ते रात्रंदिवस उभे असतात. या रस्त्यावर लहानपणापासून अडकलेल्या मुलाच्या मनात उडून जायचा विचार आला नसता तरच नवल. ठाण्याला आयटीत नोकरी, खानदेशातल्या एका क्लबात सुट्टीच्या दिवशी शिकवणी, असं करत करत त्यानं परवाना मिळवला आणि घरच्या ग्रुपवर त्याचा फोटो टाकला.

पहिली प्रतिक्रिया वहिनीची, म्हणजे त्याच्या आईची: "फोटोत वाळलेला दिसतोस." दुसरी आत्याची. आत्या माझी थोरली बहीण, पुतण्याची आत्या म्हणून आता सगळ्यांचीच आत्या. तिनं लिहिलं, "छान. आमच्या बिल्डिंगवरून एक चक्कर मार, मी गच्चीवर येते." मुंबईचा विमानतळ आमच्यापासून सरळ रेषेत वीस-पंचवीस किलोमीटर, त्या आकाशात दर मिनिटाला कोणी ना कोणी चढत-उतरत असतं. तिथे हौशी माणसानं आत्याला हात दाखवायला घिरट्या घालायच्या नसतात, हे त्यानं नकाशे टाकून समजावलं. आत्याचं उत्तर आलं: "मग पाच मिनिटांत ये आणि जा." तिचा सगळा संसार नो पार्किंगच्या पाटीखाली गाडी लावण्यात गेला आहे.

तेव्हा आपणच तिकडे जायचं ठरलं. टेम्पो ट्रॅव्हलर केली, अकरा माणसं. वीस मिनिटं उडण्यासाठी सव्वातीनशे किलोमीटर रस्ता. पैकी माजिवड्यापर्यंतच्या पहिल्या टप्प्यात आपण विमान का शिकायला हवं, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

निघण्याच्या आठवडाभर आधी चिरंजीवांनी ग्रुपवर एक साधा मेसेज टाकला होता: "प्रत्येकानं आपलं खरं वजन कळवावं." त्यानंतर ग्रुपवर जी शांतता पसरली, ती मालमत्तेच्या वाटणीच्या वेळीही पसरली नव्हती. त्याचं गणित सरळ होतं. सेसना १७२ च्या नव्या जातीला उडताना जास्तीत जास्त ११५७ किलो वजन चालतं. रिकामं विमानच साडेसातशेच्या आसपास. उरले चारशे. टाक्या पूर्ण भरल्या तर इंधनाचे दीडशेच्या जवळ. राहिले अडीचशे, ते वैमानिक धरून चौघांत वाटायचे, म्हणजे माणशी बासष्ट-त्रेसष्ट. आमच्या घराण्यात हा आकडा दहावीच्या परीक्षेतच मागे पडतो.

हळूहळू आकडे येऊ लागले. दादानं, म्हणजे पुतण्याच्या वडिलांनी, लग्नाच्या वेळचं वजन कळवलं. माझ्या धाकट्या बहिणीनं "अंदाजे" असं लिहून आकडाच लिहिला नाही. आत्यानं पुतण्याला खासगीत फोन केला, आकडा सांगितला आणि तो गुप्त ठेवण्याची शपथ घातली. पुतण्याही वस्ताद. क्लबात पोचल्यावर त्यानं सामानाचा काटा बाहेर काढला. आत्यानं आधी पर्स माझ्याकडे दिली, मग चपला काढल्या, मग बांगड्या. काट्यानं काय दाखवलं ते मी लिहिणार नाही, कारण रविवारी मी तिच्याकडे जेवायला जातो. एवढंच सांगतो की पुतण्यानं खिशातून कॅल्क्युलेटर काढला, पुन्हा बेरीज केली आणि टाक्या अर्ध्याच ठेवायचं ठरवलं.

"म्हणजे पेट्रोल कमी घालतोस?" आत्या किंचाळली.

"आत्या, अर्ध्या टाकीत तीन तास उडता येतं. आपण वीस मिनिटं जाणार."

"पण कमी का?"

याचं खरं उत्तर द्यायला वेगळा परवाना लागतो. "हवा गरम आहे," तो म्हणाला. तेही खोटं नव्हतं. उन्हाळ्यात खानदेशातली हवा तापून विरळ होते. इंजिनाला दम कमी, पंख्याला पकड कमी, पंखांना आधार कमी. धावपट्टीवर विमान जास्त धावतं आणि सावकाश चढतं.

मग बसण्याचा क्रम. आमच्याकडे गाडीत पुढची जागा मानाची; नाना असतील तर ती नानांची. नाना आमच्या वडिलांचे चुलतभाऊ, वय ऐंशीच्या पुढे, सगळी हयात घोडबंदरच्या खाडीत होडीवर गेलेली. पण विमान मान ओळखत नाही, वजन कुठे पडलंय ते ओळखतं. जड माणसं मागे बसली तर शेपूट खाली जाते आणि नाक सावरेनासं होतं. म्हणून जड ते पुढे, हलके ते मागे. त्यानं कागदावर रेघा मारून जाहीर केलं: पहिल्या फेरीत पुढे बाबा, मागे आई आणि नाना. वहिनीचं तोंड उतरलं. आपल्या मुलानं वडीलधाऱ्या माणसाला मागे बसवलं, हे भावकीत कसं सांगायचं?

एवढं सगळं ठरलं, तिखटमिठाच्या पुऱ्यांचे डबे उघडून झाले, आणि चिरंजीव वाऱ्याच्या मोज्याकडे बघत उभे राहिले. तो केशरी-पांढरा कापडी मोजा धावपट्टीला आडवा होऊन फडफडत होता. या विमानानं पंधरा नॉट आडवा वारा सोसून दाखवलेला आहे, असं त्याच्या पुस्तकात लिहिलंय. पण विमानानं सोसणं वेगळं आणि नव्या वैमानिकानं सोसणं वेगळं. त्याची स्वतःची मर्यादा दहाची होती.

"आज नाही," तो म्हणाला. "उद्या पहाटे बघू."

अकरा माणसं, भाड्याची गाडी, काहींच्या रजा. आत्या म्हणाली, एवढ्याशा वाऱ्यात आमच्याकडे कपडेसुद्धा नीट वाळत नाहीत. दादा म्हणाला, "अरे, थोडं पुढे जाऊन तर बघ, नाही जमलं तर परत फीर." धाकटीनं लॉजचा खर्च काढला. वहिनी काही बोलली नाही, पण तिनं पुऱ्यांच्या डब्याचं झाकण ज्या आवाजात लावलं, त्यात सगळं आलं. मला वाटतं, नव्या वैमानिकाची परीक्षा हीच, आणि ती घेणारा परीक्षक कोणत्याही सरकारी परीक्षकापेक्षा कडक असतो. परीक्षक फार तर नापास करतो, तो तुमच्यासाठी पहाटे तीनला उठून पुऱ्या तळत नाही. मोह आवरेना म्हणून वाईट हवेत उडालेले हौशी वैमानिक जगभर झाले आहेत, आणि त्यातल्या कितीतरी जणांच्या मागच्या सीटवर घरचीच माणसं ताटकळून कंटाळलेली होती.

कोंडी नानांनी फोडली. ते सावलीत बिडी शोधत होते. इंधनाच्या टाकीजवळ ओढायची नाही म्हणून ती आधीच काढून घेतली होती. ते म्हणाले, "तांडेल नाही म्हणाला की होरी सुटत नाय. मग होरीत पाटील बसलेला असो का मामलेदार." आणि आत्याकडे बघून, "पुरी दे."

खाडीकाठच्या माणसांना एवढं पुरलं. लॉजवर चार खोल्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मोजा लोंबत होता. आता खरा सोहळा सुरू झाला. वहिनीनं पिशवीतून नारळ, हळदकुंकू आणि लिंबू-मिरची काढली. नारळ विमानापुढे फोडायचा नाही, करवंटीचा तुकडा पंख्यात उडाला तर पंखा जाईल, हे पटलं. तो गेटाबाहेर फुटला. इंजिनाच्या झाकणावर कुंकवाचं बोट ओढायला परवानगी मिळाली. गाडं अडलं ते लिंबू-मिरचीवर. पंख्याला ती बांधता येत नाही हे कळल्यावर धाकटीला डाव्या पंखाखाली एक नामी हूक सापडला. ती हवेचा दाब घेणारी नळी. तिच्यावर विमानाचा वेग कळतो, म्हणून उभ्या विमानात तिला लाल फीत लोंबणारी टोपी घालून ठेवतात. "ही फीत कसली?" आत्यानं विचारलं. पुतण्या दमला होता. "नजर लागू नये म्हणून," तो म्हणाला. मग वेगळी लिंबू-मिरची नको, असं सर्वानुमते ठरलं. उडण्याआधी त्यानं टोपी काढली तेव्हा आत्याचा जीव पुन्हा खालीवर झाला.

त्यानं विमानाभोवती फिरून एकेक बिजागरी हलवून पाहिली. टाकीखालून निळसर इंधन पारदर्शक बाटलीत काढलं आणि उजेडात धरलं, तळाला पाणी तर नाही ना बघायला. आमच्याकडे जशी चर्चा होते तशी झाली: रात्रीच सर्व्हिसिंग करून ठेवलं नाही वाटतं. पण खरा विश्वास उडाला तो तो आत बसून कार्ड हातात घेऊन मोठ्यानं वाचू लागला तेव्हा. दादा माझ्या कानाशी आला. "अरे, याला अजून पाठ नाही!"

पाठ असूनही वाचायचं असतं. १९३५ साली अमेरिकेत बोइंगचं एक नवं बॉम्बर विमान उडताक्षणी कोसळलं. चालवणारे अत्यंत अनुभवी. फक्त जमिनीवर उभ्या विमानाची शेपटी वाऱ्यानं हलू नये म्हणून लावलेली कडी काढायची राहिली होती. तेव्हापासून कितीही मुरलेला वैमानिक असो, यादी वाचतो. दादाला मी हे सांगायला नको होतं. तो लगेच पुतण्याला म्हणाला, "शेपटीची कडी काढलीस का?"

दादाविषयी थोडं सांगितलं पाहिजे. तो आयुष्यात गाडी चालवायला शिकला नाही. पण कोणाच्याही गाडीत पुढे बसला की त्याचा उजवा पाय सतत ब्रेक दाबत असतो. वरसावे पुलावर तर तो दोन्ही पायांनी दाबतो. सगळ्या ड्रायव्हरांनी हे आजवर हसून सोडून दिलं, कारण त्याच्या पायाखाली काही नसायचं. सेसनामध्ये मात्र असतं. पुढच्या दोन्ही जागांना पायाशी पेडल आणि हाताशी चाक. बापाला दुहेरी नियंत्रण असलेल्या यंत्रात बसवणं म्हणजे काय, याची कल्पना विमान बनवणाऱ्यांना नसावी. पुतण्यानं त्याची सीट मागे सरकवली, पाय आखडून घ्यायला लावले आणि हात मांडीवर ठेवण्याची ताकीद दिली. मुलानं बापाला ताकीद दिल्याचं आमच्या घरातलं हे पहिलं उदाहरण, आणि ते साक्षीदारांसमोर घडलं. जमिनीपासून वर जाताना आणि खाली येताना कोणीही बोलायचं नाही, हा दुसरा हुकूम.

वहिनीचा पेहरावाचा प्रश्न आदल्या रात्रीच सुटला होता. ऑरव्हिलची बहीण कॅथरीन १९०९ साली फ्रान्समध्ये उडाली तेव्हा तिच्या घागऱ्याला घोट्याशी दोरी बांधली होती. आपल्या सरला ठकराल यांनी १९३६ साली, अवघ्या २१ व्या वर्षी, साडी नेसून जिप्सी मॉथ उडवलं, तेव्हा घरात चार वर्षांची मुलगी होती. हे ऐकून वहिनीनं ठेवणीतली पैठणी नेसली. हेडफोनखाली गजरा चेंगरला, तेवढंच.

त्या हेडफोननं घात केला. विमानात सगळे एकमेकांशी त्यावरूनच बोलतात आणि तोंडाशी आवाज झाला की माइक आपोआप सुरू होतो. वहिनी हुकूम पाळून बोलली नाही. ती फक्त रामरक्षा पुटपुटत होती. ती पुतण्याच्या दोन्ही कानांत पूर्ण आवाजात गेली आणि विमान जमिनीवरून उठलं ते तिच्या तालावर. वर गेल्यावर दादाचा उजवा हात मांडीवरून सुटून चाकावर आला. त्या चाकावर अंगठ्याशी एक बटण असतं, ते दाबलं की आतलं बोलणं रेडिओवरून बाहेर जातं. दादानं ते दाबून धरलं. खाली आम्ही कार्यालयाच्या रेडिओशी उभे, आणि परिसरातले सगळे शिकाऊ वैमानिक हवेत. साऱ्या खानदेशानं ऐकलं:

"ती तापी का रे?"

"नाही बाबा, तो कालवा आहे."

"जमीन काय भावानं असेल इथे?"

"तुम्ही जमिनीचं नाव काढू नका, आपल्या चेण्याच्या तुकड्याचं आधी निस्तरा," हा आवाज वहिनीचा.

"हळू घे रे. थोडं खालून घे."

"बाबा, अंगठा काढा."

"कुठला अंगठा?"

नानांचा आवाज एकदाच आला: "मासळी कुठची खातात रे ही माणसं?"

उतरताना चाकं टेकायच्या ऐन आधी विमानाचा वेग इतका कमी होतो की पंखातली शिट्टी वाजते. ती वाजलीच पाहिजे. वाजली म्हणजे उतरणं झकास. हे आधी सांगायचं पुतण्या विसरला. तिघांनी मिळून जो आवाज काढला त्याला रेडिओची गरज पडली नाही.

दुसऱ्या फेरीत आत्या पुढे बसली, वजनाच्या गणितानुसार, आणि तो मान समजून तिनं फोटो काढून घेतला. उतरल्यावर पाचशेच्या दोन नोटा पुतण्याच्या खिशात कोंबल्या. भाडं घेणं बेकायदा आहे, परवाना जाईल, असं तो कळवळून सांगत होता. आत्या म्हणाली, भाडं नाही, खाऊला दिलेत. या देवघेवीविषयी नियमावली गप्प आहे.

परतीच्या वाटेवर चांदवडच्या पुढे पुढचे बेत ठरले. धाकटीला पालघरच्या लग्नाला विमानानं जायचं होतं. आत्यानं विचारलं, आपल्या गच्चीवर विमान उतरत नाही, पण ठेवता तर येईल? तिला दोष देता येत नाही. आमच्यापासून जवळच, कांदिवलीच्या चारकोपला कॅप्टन अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. घर गहाण पडलं, घरातले दागिने विकले गेले. २०१६ साली ते सुटं करून क्रेननं उतरवलं आणि वांद्र्याच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडलं. नोंदणीला २०१७ उजाडलं, आणि धुळ्याला ते उडालं २०२० साली. नातेवाईकांना फिरवून आणण्याआधीच नातेवाईकांनी विमानाला पोसलं, अशी ही उलटी गोष्ट. मला फक्त एक कुतूहल आहे: इतकी वर्षं त्या घरच्यांनी पापड कुठे वाळवले?

दादा या चर्चेत नव्हता. तो ड्रायव्हरशेजारी बसून बाहेर बघत होता. कसाऱ्याच्या घाटात, पाय ब्रेकवर ठेवूनच, त्यानं मान मागे वळवून मुलाला हळूच विचारलं, "ती डॉक्टरी तपासणी असते, त्यात शुगर किती चालते रे?"

पुतण्या उत्तर देणार तेवढ्यात मागून वहिनीचा आवाज आला. "आधी स्कूटर शिका."